वाशातला भुंगा

मराठी माणसाच्या बोलण्यात भुंगा सारखा येतो, पण त्याची नीट ओळख सांगा म्हटले की पंचाईत होते. एखादी काळजी मन पोखरू लागली की डोक्यात भुंगा शिरला म्हणायचे, मूल हट्टाला पेटले की 'काय भुणभुण लावली आहेस' म्हणून त्याला दटावायचे, आणि कोणी फार प्रेमात पडला की भ्रमराची उपमा देऊन त्याची थट्टा करायची. इतका घरोबा असूनही हा गृहस्थ राहतो कुठे, खातो काय, त्याचे कुटुंब केवढे, याची चौकशी करण्याच्या फंदात आपण पडत नाही. संस्कृताने त्याच्या नावांची भलीमोठी जंत्री आपल्याला दिली आहे : भ्रमर, भृंग, मधुप, मधुकर, अलि, मिलिंद, षट्पद. परीक्षेत समानार्थी शब्द विचारायला ती फार सोयीची पडते. मीही गेली वीस वर्षे विचारत आले आहे.

बरे, हा एकच प्राणी आहे की चार-पाच, याचाही पत्ता नाही. कुजक्या लाकडातून निघणारा कठीण पाठीचा भुंगेरा, त्यालाही पुष्कळजण भुंगाच म्हणतात. संतवाङ्मयात ठायी ठायी भेटणारा कीटक-भ्रमर न्याय घ्या. भ्रमराने अळीला मातीच्या घरात कोंडायचे, अळीने भयाने त्याचेच ध्यान धरायचे आणि ध्यान धरता धरता भ्रमर होऊनच बाहेर पडायचे! भक्त देवाचे चिंतन करता करता देवरूप होतो हे सांगायला याहून चांगला दृष्टांत मिळायचा नाही. पण मातीचे घर बांधून त्यात अळी कोंडते ती कुंभारीण माशी. ती अळी म्हणजे तिच्या पिलाची शिदोरी, आणि घर फोडून बाहेर येते ते त्या शिदोरीवर पोसलेले पिल्लू. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांत फुलाफुलांतून थोडेथोडे घेणारा मधुकर वेगळा आणि अळीला कोंडणारा कीटक वेगळा, असे दोन निरनिराळे गुरू आहेत. जुन्या लोकांनी दोघांना वेगळे ओळखले होते. पुढे कधीतरी दोघेही एकाच नावाच्या दावणीला बांधले गेले.

हा सगळा विचार करण्याची वेळ माझ्यावर आणली ती वर्गातल्या एका मुलाने. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय चालू होता. साक्षात शंकराशी झुंजलेला अर्जुन आप्तांच्या मोहाने गळून गेला, हे सांगताना ज्ञानदेव भ्रमराचा दृष्टांत देतात. वाटेल तसले वाळके लाकूड हा भ्रमर सहज कोरतो, पण कोवळ्या कळीत सापडला की तिथेच अडकतो. प्राण गेला तरी बेहत्तर, पण पाकळी चिरायचे त्याला सुचत नाही. स्नेह कोवळा असतो आणि म्हणूनच तोडायला कठीण असतो, असा त्याचा भाव. मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, चकोर चांदणे पितो, हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, हे तुम्ही कविसंकेत म्हणून सांगितलंत. मग भुंगा लाकूड कोरतो हे कशात धरायचं?"

प्रश्न मला फार आवडला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने तेवढ्यात मोबाइलवर भुंगा शोधून सर्वांना दाखवलाही. पडद्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, अंगभर दाट लव असलेला, लोकरीच्या गुंड्यासारखा प्राणी एका विलायती फुलावर बसला होता. इंग्रजी नाव बंबलबी. मुलांची समजूत अशी झाली की ज्ञानदेवांचा भ्रमर तो हाच.

आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे एक सर आहेत. पावसाळा सरत आला की ते दर वर्षी मुलांना घेऊन रानात जातात. चहाच्या वेळी मी त्यांच्यापुढे हे चित्र ठेवले तेव्हा ते हसले. म्हणाले, "हा पाहुणा आपल्याकडचा नव्हे. हा थंड मुलखातला. हिंदुस्थानात याच्या पन्नासेक जाती आहेत, पण त्या सगळ्या हिमालयात. सह्याद्रीत एकही नाही. तुमचा भ्रमर पाहायचा असेल तर या रविवारी कर्जतला चला."

मग त्यांनी एक गंमत सांगितली. या दोन्ही माश्यांना शास्त्रीय नावे दिली ती एकाच माणसाने आणि एकाच वर्षी, १८०२ साली. लात्रेय नावाचा तो फ्रेंच विद्वान. लोकरीच्या गुंड्याला त्याने नाव दिले बाँबस, म्हणजे गुणगुणणारा. आणि आपल्या काळ्या भुंग्याच्या कुळाला नाव दिले झायलोकोपा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ लाकूड कापणारा, थोडक्यात सुतार. हा लात्रेय आधी धर्मोपदेशक होता. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो बोर्दोच्या तुरुंगात पडला. तिथे कोठडीच्या जमिनीवर त्याला एक दुर्मीळ भुंगेरा दिसला. तुरुंगाच्या वैद्यामार्फत तो कीटकशास्त्राची आवड असलेल्या एका तरुणाच्या हाती गेला, आणि त्या तरुणाच्या खटपटीने लात्रेय सुटला. किड्याने जीव वाचवलेल्या माणसाने पुढचा जन्म किड्यांना नावे ठेवण्यात घालवला (हे 'नावे ठेवणे' चांगल्या अर्थाने घ्यावे) यात नवल नाही.

तेव्हा ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला बसून भ्रमराचे जे लक्षण सांगितले तेच लक्षण लात्रेयने पाचशे वर्षांनी त्याच्या नावात घातले. एवढे कळल्यावर रविवार केव्हा येतो असे मला झाले.

भाद्रपद सरला होता. कर्जत स्टेशनवर वडापाव बांधून घेऊन आम्ही कोंदिवड्याकडे निघालो. मुले पंधरा, सर, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेली मी. भातखाचरे पोपटी रंगावरून पिवळ्याकडे झुकली होती, उल्हास नदी अजून भरलेली होती आणि समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले ढगात डोके खुपसून बसले होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना मात्र दर दोनशे पावलांवर नव्या वस्तीचा एकेक फलक. डोंगराच्या कुशीत घर, नदीकाठी घर, आठवड्याच्या सुटीचे घर! ज्यांना पहिल्या घराची भ्रांत आहे त्यांच्या शेतात ही दुसरी घरे उगवत आहेत. त्यांची कुंपणे होण्याआधी पहिली कुऱ्हाड पडते ती वठलेल्या झाडांवर, कारण वठलेले झाड आवारात बरे दिसत नाही.

अशाच एका कुंपणावर टेकोमाची पिवळी, घंटेसारखी फुले लोंबत होती, आणि तिथे आमचा नायक प्रथम दर्शन देता झाला. अंगठ्याच्या पेराहून मोठा, काळाभोर, आणि पंख असे की उन्हात एकदा निळे दिसावेत, एकदा जांभळे, एकदा मोरपिशी. मुले पुढे सरकली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मी कळ दाबायची आणि त्याने त्याच क्षणी उडायचे, असा आमचा खेळ पाऊण तास चालला. साठ छायाचित्रे काढली. त्यांतल्या बावन्न छायाचित्रांत टेकोमाचे फूल फार सुरेख आले आहे.

पण डोळ्यांनी पाहिले ते खरे. भुंगा फुलाच्या तोंडाशी गेलाच नाही. तो बाहेरून नळीच्या बुडाशी बसला, तिथे त्याने एक बारीक चीर पाडली आणि सोंड आत घालून मध प्याला. पुढच्या फुलाला तेच. सर म्हणाले, "ही चोरी. अंग मोठे, नळी अरुंद. दारातून जाता येत नाही म्हणून भिंत फोडायची. परागही वाहून नेले जात नाहीत, फुलाच्या पदरी काही पडत नाही." ज्या मुलाने प्रश्न विचारला होता तो माझ्याकडे पाहत होता. पाकळी चिरायचे ज्याला सुचत नाही तोच हा भ्रमर! मी त्याला म्हटले, "आधी लाकडाचे पाहू. कळीचे मागाहून."

कोंदाण्याच्या लेण्यांपर्यंत चढताना सोनकी आणि तेरडा नुसता दाटला होता. लेण्यांजवळ उघड्यावर एक पिवळसर हिरवट लव असलेला भुंगा हवेत एका जागी टांगल्यासारखा स्थिर राहिला होता. हा फोटोला मात्र गुणी निघाला. सरांनी एक खडा त्याच्या जवळून भिरकावला तर गडी सरळ खड्याच्या पाठलागावर. पाखरू, फुलपाखरू, खडा, कोणीही हद्दीतून गेले की हा धावून जाणार आणि पुन्हा येऊन त्याच जागी टांगून राहणार. एकदा तो माझ्या नाकासमोर येऊन ठाकला आणि डोळ्याला डोळा लावून पाहू लागला. मुली किंचाळल्या. सर शांतपणे म्हणाले, "हा नर आहे. याला नांगीच नसते. सगळा आव." याच जातीची मादी काळी असते आणि तिच्या पाठीवर पिवळी शाल असते. रंगावरून ती दोघे एकाच घरची आहेत असे कुणी म्हणणार नाही. लाकूड कोरणे, घर करणे, पराग आणणे, पिले वाढवणे हे सारे तीच करते. नांगीही तिलाच असते, पण मुठीत धरल्याखेरीज ती वापरत नाही. मराठीने या प्राण्याला पुल्लिंग देऊन सगळ्या कामाचे श्रेय कुणाच्या नावावर जमा केले आहे ते आता ध्यानात यावे.

लेण्यांत दगडाचे काम लाकडाच्या घडणीवर केले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी कातळात तुळया, जाळ्या आणि सज्जे असे खोदले आहेत की हे आधी सुताराने बांधून दाखवले असावे असे वाटते. सुतारी आधी, दगडकाम नंतर. मुले त्या तुळयांत भुंग्याची भोके शोधत होती. दगडात कुठून सापडणार?

ती सापडली उतरल्यावर, पायथ्याच्या वाडीत. पाणी मागायला आम्ही एका घरी थांबलो. कारवीचे कूड, वर कौले, पुढे शेणाने सारवलेली पडवी. ऐनाचे खांब आणि सागाचे वासे. पडवीच्या वाशाला खालच्या अंगाने सात-आठ भोके होती. अगदी वाटोळी, जणू गिरमिटाने पाडलेली. एका भोकाखाली जमिनीवर पिवळा भुगा पडला होता. लाकडाचा तो भुगा चिमटीत घेतला तर ताजा, किंचित ओलसर. आणि वाशाला कान लावल्यावर आतून एक करकर ऐकू आली. मुले रांगेने वाशाला कान लावून गेली. ज्ञानेश्वरीवर माझी आजवर पुष्कळ व्याख्याने झाली असतील. त्या करकरीने दोन मिनिटांत जे केले ते त्यांतल्या एकाही व्याख्यानाला जमलेले नाही.

"त्यो माज्या सासऱ्याच्या येळंपासून हाय," घरची आजी म्हणाली. ती उंबऱ्यावर बसून वाल सोलत होती. "येकदा घर केलं की हालत नाय. पोरीच्या पोरी तितंच ऱ्हात्यात."

आजीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मादी जबड्याने लाकूड कुरतडत आत शिरते, मग वळून लाकडाच्या रेषेरेषेने बोगदा खणते. लाकूड ती खात नाही. भुगा बाहेर टाकते आणि थोडा राखून ठेवते. बोगद्याच्या टोकाला पराग आणि मध यांचा एक गोळा, त्याच्यावर एक अंडे, आणि मग लाळेत कालवलेल्या भुग्याची भिंत. पुन्हा गोळा, पुन्हा अंडे, पुन्हा भिंत. अशा एकामागोमाग एक खोल्या. हजारो अंडी घालणाऱ्या राणीचा हा संसार नव्हे. अंडी मोजकी, पण एकेक अंडे कीटकसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या अंड्यांपैकी. पिले पंख फुटून बाहेर आली तरी काही दिवस आईच्या घरीच राहतात आणि आई त्यांना पराग आणून भरवते. जुने घर लेकी वापरतात, वाढवतात. आजीच्या वाशातले हे घराणे किती पिढ्यांचे होते ते तिच्या सासऱ्यालाच विचारायला हवे होते.

तिचा मुलगा बाहेरून आला. तिशी-पस्तिशीचा, खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात जाणारा. मुले वाशाला कान लावून उभी पाहून त्याला हसू आले. म्हणाला, "कान कसले लावता? घर खातोय तो. घरकुल मंजूर झालंय आमचं. दिवाळी झाली की हे सगळं उतरवणार. वासे जळणाला."

एका मुलीच्या तोंडून "अरेरे" निघाले. मुलाने तिच्याकडे पाहिले आणि कडवटपणा न आणता म्हणाला, "ताई, पावसात एक रात्र राहून बघा इथं."

त्याला उत्तर द्यायला माझ्यापाशी काही नव्हते, आणि आजही नाही. तिथून फार दूर नाही, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गाडली गेली. त्यानंतर या डोंगरांच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला सिमेंटची भिंत आणि वर स्लॅब हवा असला तर त्याला जुन्या घराच्या सौंदर्यावर निबंध ऐकवण्याचा अधिकार मुंबईच्या बाजूने रविवारी येणाऱ्या कुणालाही नाही. भुंग्याचे घर राहावे म्हणून माणसाने गळक्या घरात राहावे असे म्हणणे मला जमणार नाही. आणि तरी त्या वाशाचे जळण होणार हे काही केल्या मनातून जाईना.

सरांनी दुसराच विषय काढला. "परसात वांगी लावता का?" आजी म्हणाली, लावते तर. सर तिला आणि मुलांना घेऊन परसात गेले. वांग्याच्या जांभळ्या फुलात मधोमध पिवळ्या पुंकेसरांची दाट जुडी असते. इतर फुलांचे पराग उघड्यावर पसरलेले असतात. वांग्याचे मात्र बंद नळीत असतात आणि नळीच्या टोकाला फक्त एक सुईच्या अग्राएवढे भोक. मधमाशी वरवर फिरून निघून जाते. तेवढ्यात भुंगा आलाच. तो फुलाला मिठी मारून लोंबकळला, पंख मिटलेले, आणि त्याचा सूर एकदम चढला. उडतानाचा त्याचा आवाज ढाला. हा आवाज वरच्या पट्टीतला, तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा. पंखांचे स्नायू तो पंख न हलवता थरथरवतो, त्या थरथरीने नळीतले पराग भुरभुर बाहेर पडतात, त्याच्या पोटावर बसतात आणि पुढच्या फुलाला पोचतात. टोमॅटोचीही तीच तऱ्हा. युरोपात काचघरांतल्या टोमॅटोसाठी बंबलबीच्या वसाहती १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून पैसे मोजून विकत घेतात. आपल्या परसात हे काम वाशातला भाडेकरू करतो. टेकोमाच्या फुलावर चोर ठरलेला हाच प्राणी वांग्याच्या फुलावर असा कामसू. शेवग्याची, रुईची, तागाची फुलेही त्याच्यावाचून अडतात.

आजी सगळे ऐकून घेत होती. मुलगा दाराला टेकून उभा होता. दोघे काही बोलली नाहीत. निघताना आजीने मुलांच्या ओंजळीत चिंचा घातल्या.

नंतर पौषात सरांच्या आग्रहाने एकदा खालापूरकडे गेले. भात निघून गेल्यावर ओलीवर टाकलेला वाल तेव्हा फुलावर असतो. वालाचे फूल मिटल्या दारासारखे. हलक्या किड्याला ते दार उघडत नाही. भुंगा बसला की त्याच्या भारानेच खालची पाकळी दबते आणि केसर बाहेर येऊन त्याच्या पोटाला लागतात. पहाटेच्या धुक्यात सगळे शेत घुमत होते. छायाचित्रे तिथे चांगली मिळाली, कारण थंडीत भुंगा जरा आळसावतो.

या मधल्या काळात कळीचे काय, तो प्रश्न मी सोडलेला नव्हता. कमळात मिटून घेतलेल्या भ्रमराची कथा संस्कृतात जुनी आहे. कमळाविषयी मात्र १९९६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक शोध आला. कमळाचे फूल उमलण्याच्या दिवसांत स्वतःचे अंग तापवते. भोवतालची हवा १० अंशांवर उतरली तरी फुलाच्या आत ३० ते ३६ अंश राखले जातात. रात्री मिटलेल्या फुलात कीटक त्या उबेला राहतात आणि सकाळी परागांनी माखून बाहेर पडतात. हे मुक्कामाचे पाहुणे बहुतेक भुंगेरे असतात. म्हणजे लाकूड कोरणारा एक आणि कमळात निजणारा दुसरा. कवीने दोघांना एका देहात आणले. ओवीचा पूर्वार्ध कुणाच्या तरी पडवीत वाशाखाली पडलेला भुगा पाहून आला असला पाहिजे, उत्तरार्ध परंपरेतून. वर्गात मी हे सांगितले तेव्हा तोच मुलगा म्हणाला, "मग ओवी अर्धी चुकली का?" मी म्हटले, अर्जुनाला लागू पडते आहे तोवर चुकलेली नाही. टेकोमाची नळी भुंगा चिरतो, कारण टेकोमावर त्याचे प्रेम नाही. वर्ग हसला. मला ते उत्तर फारसे थट्टेचे वाटत नाही.

फाल्गुनात होळीच्या सुमारास आम्ही खांडसला गेलो. भीमाशंकरची चढण कर्जत तालुक्यात इथून सुरू होते. शिडी घाट आणि गणेश घाट अशा दोन वाटांनी. या खेपेस मुले नव्हती; सर, त्यांच्या पत्नी आणि मी. भीमाशंकरच्या अभयारण्यात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या दोघींनी केलेले काम २००१ साली प्रसिद्ध झाले. वारस नावाच्या झाडाला रात्री पांढरी सुगंधी फुले येतात. आपल्या नेहमीच्या भुंग्यांपैकी एक जात चांदण्या रात्री त्या फुलांवर येते असे त्यांना आढळले. पुढे स्वीडनच्या एरिक वॉरंट आणि आल्मुट केल्बर यांच्यासह २००८ मध्ये त्यांनी याहून अद्भुत गोष्ट दाखवली. तिथलीच दुसरी एक जात चंद्र नसलेल्या रात्रीही उडते आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात घरट्याजवळच्या खुणेचा रंग ओळखून घरी परतते. ताऱ्यांच्या उजेडात आपल्याला रंग म्हणून दिसत नाही, सगळे करडे. आणि डोळ्यांची घडण पाहावी तर दिवसा हिंडणाऱ्या माशीचीच. तिचे बुबुळ-नेत्र मोठे आहेत एवढेच. हे सारे जागतिक ज्ञान आपल्या शेजारच्या डोंगरावरच्या वाळक्या लाकडांत बसले होते.

उतरलो होतो ते घर त्या वाडीतल्या आजीच्या लेकीचे. आजीनेच सुचवले होते. शिमग्यासाठी आजी लेकीकडे आलेली. हातपाय धुऊन बसल्यावर मी भीतभीतच विचारले, "घरकुलाचं कुठवर आलं?"

"भितीवर आलंय. सलाप ऱ्हायलाय."

"आणि वासे?"

"जाळलं." आजी थांबली. मग चुलीतले लाकूड पुढे सरकवत म्हणाली, "येक ठिवलाय. पोरानंच ठिवला. दुधीच्या मांडवाला आडवा बांदलाय. म्हनला, वांग्याला कामाला येतोय तं ऱ्हाऊ दे."

"भुंगे आले का त्यात?"

"आवं, वासा उतरवला तवा चार दीस येड्यावानी घिरट्या घेत होते त्याच जाग्यावर. पडवी नाय, वासा नाय, आन् ते आपले हवंत दार हुडकतायत. मंग म्यांच सांगितलं पोराला, त्यो वासा हितं लांब नगं, जुन्या जाग्याच्या जवळ आन. आनला. दोनचं पुन्हा चालू झालं. बाकीचं नाय."

सात-आठांतली दोन. मी सरांकडे पाहिले. ते म्हणाले, "बरेच झाले म्हणायचे."

जेवणे झाल्यावर आम्ही अंगणात आलो. पौर्णिमा दोन दिवसांवर होती. पदरगडाचा सुळका चांदण्यात पांढुरका दिसत होता आणि ओढ्यापलीकडे एक वारस फुलला होता. त्याचा वास वाऱ्याबरोबर येत-जात होता. आम्ही झाडाखाली जाऊन बसलो. तासभर काही नाही. दूरवर ढोल वाजत होता तो थांबला. मग डोक्यावर तोच ढाला सूर आला, एक काळा ठिपका चंद्राआडून गेला आणि एक फूल हलले. थोड्या वेळाने दुसरे हलले. सरांच्या पत्नी कुजबुजल्या, "किती जड बसतोय!" मी कॅमेरा रोखून सहा-सात वेळा कळ दाबली. चित्रांत निव्वळ काळोख आला आहे. मी ती पुसलेली नाहीत.

आजी अंगणाच्या कडेला घोंगडी पांघरून आमच्याकडे पाहत बसली होती. शेवटी तिने हाक मारली, "बाई, या आता. फाटं उठायचंय. त्यो जागल रातभर, त्याचं त्याला."